बिनफोडणीचं वर्ष

आमच्या घरातला फोडणीचा आवाज बंद झाला तेव्हा मी आठवीतून नववीत जाणार होते. तारीख मला आठवत नाही, आणि आठवली असती तरी तिचा उपयोग नव्हता, कारण त्या दिवसांत आज सोमवार की शनिवार हेही विचारून घ्यावं लागे. करोनाच्या त्या काळावर आता शाळेच्या पुस्तकात धडा आहे. माझी नात तो मोठ्याने पाठ करते आणि मी ऐकत बसते. टाळेबंदी, अलगीकरण, लसीकरण, सगळं त्यात बरोबर लिहिलेलं आहे. पण मला कोणी त्या दिवसांचं सांगायला लावलं, तर डोळ्यांपुढे काही येण्याआधी कानाला एक पोकळी जाणवते. कढईत तेल तापलेलं, मोहरी तडतडलेली, जिरं, ठेचलेला लसूण, मग वाळलेली लाल मिरची, आणि ते सगळं वरणावर ओतताना होणारा तो चर्रर्र आवाज. जन्मल्यापासून रोज दोन वेळा ऐकलेला हा आवाज एके दिवशी थांबला आणि वर्ष उलटून गेलं तरी परत आला नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, मुकुटबनच्या अलीकडे, फाट्यावरून आत. घरात आम्ही पाच जण. मी, आई, बाबा, आणि बाबांचे थोरले भाऊ नि वहिनी, म्हणजे माझे मोठेबाबा आणि मोठीमाय. मोठ्या जोडप्याला मूल नव्हतं. एक होतं, गजू नावाचं, ते गोवरात गेलं, एवढं मला माहीत होतं. त्याचं नाव घरात कोणी काढत नसे. आमच्याकडे नवरा बायकोला तिच्या नावाने हाक मारत नाही, लेकराच्या नावाने मारतो. माझे बाबा आईला ‘आचलची माय’ म्हणत. मोठेबाबांकडे मात्र मोठीमायसाठी हाकच उरली नव्हती. ते नुसतं ‘अवं, आइकते का’ म्हणायचे, आणि अंगणात बायका कितीही असल्या तरी ‘आइकते का’ म्हटलं की मोठीमायच वळून बघायची.

त्या वर्षी बाजार बंद, खरेदी बंद, म्हणून वेचलेला कापूस घरातच पडून होता. पुढची खोली पार छतापर्यंत भरलेली. जायला यायला कडेने एक वाट तेवढी ठेवलेली. शाळा नव्हती, त्यामुळे मी दुपारभर त्या ढिगावर पडून असायची. कापसाने अंगाला खाज सुटते, आई ओरडायची, पण मी काही उतरत नसे. त्या खोलीत बाहेरचा आवाज येता येताच मुरून जायचा. रस्त्यावर गाडी नाही, देवळातला भोंगा नाही, लग्नाचा बँड नाही. खिडकीतून लांबवर पळस फुललेला दिसायचा आणि मोहाचा उग्र गोड वास दुपारच्या झळांबरोबर आत यायचा. मी अर्धवट झोपेत असायची. आपण जागे आहोत की सगळं गावच झोपेत हे बघतंय, असं मला तेव्हा खरोखर वाटे. आजही कधी डोळा लागता लागता मी त्या ढिगावर जाऊन पडते, आणि खाज सुटल्यासारखी दचकून उठते.

मोठीमाय सगळ्या गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक तिचं नाक. अंगणात बसून ती सांगायची की कोणाकडे आज अंबाडीची भाजी आहे, कोणाचं दूध उतू गेलं, कापसाच्या ढिगात कुठल्या कोपऱ्याला ओल धरली आहे. मोठेबाबांनी बिडी सोडली असं शपथेवर सांगितलं की ती नुसती त्यांच्या जवळून जायची आणि म्हणायची, “सोडली, पण तोंडातली. खिशातली अजून खिशातच हाय.” दुसरी गोष्ट माता. आमच्या भागात गोवराला, कांजण्यांना तेव्हाची जुनी माणसं आजार म्हणत नसत. घरात माता आली म्हणत. ती पाहुणी असते, तिचा मान ठेवायचा, तिला गरम लागू द्यायचं नाही, आणि तिचं मन भरलं की तिची बोळवण करायची. हा मान कसा ठेवायचा हे गावात मोठीमायला जेवढं ठाऊक तेवढं कोणालाच नव्हतं. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा. बाहेरच्याने पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. घरच्यांनी गावाला जायचं नाही, कोणाच्या लग्नाला जायचं नाही, केस कापायचे नाहीत. फोडणी द्यायची नाही, कारण तेलाचा चटका मातेच्या अंगाला बसतो. आणि घरात सुई चालवायची नाही. गोधडी शिवायची नाही, बटण लावायचं नाही, आणि टोचून घ्यायचं तर नावच काढायचं नाही.

तर त्या वर्षी वरून सांगणं आलं की सगळ्यांनी आपापल्या दारात उभं राहून थाळ्या वाजवायच्या. गावाने वाजवल्या, मीही हाताला रग लागेस्तोवर परात बडवली. मग काही दिवसांनी सांगणं आलं की दिवे लावायचे. मोठीमाय ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. घराबाहेर पडायचं नाही, हात धुवायचे, पाहुणा नाही, लग्न नाही, न्हाव्याचं दुकान बंद. एकेक नियम तिच्या ओळखीचा होता. पणती लावून ती माझ्या आईकडे वळली आणि अगदी समाधानाने म्हणाली, “पाह्य सुनंदा, सरकारले उशिरा का होईना, समजलं. माता आली हाय. थाळी वाजवून घेतली, दिवे लावले, अन् आता सारा देश तिचा मान ठेवून राह्यला.”

आई गावची आशा सेविका होती. तिला प्रशिक्षणात विषाणू, संसर्ग, अंतर असं बरंच सांगितलेलं. ती काहीतरी बोलणार होती, पण बाबांनी तिला डोळ्याने गप्प केलं. “राहू दे ना,” नंतर ते मला ऐकू येईल असं पुटपुटले, “नियम तेच हायेत. तुह्या सायबाचं आइकत नाही ते मातेचं आइकते, तुह्यं कामच झालं.” आणि खरंच झालं. आमच्या गावाइतकी कडक टाळेबंदी तालुक्यात कुठे नसेल. हैदराबादेहून पायी आलेली पोरं शाळेत ठेवली होती, त्यांच्या मायाही आत गेल्या नाहीत. शाळेच्या भिंतीवर डबा ठेवून लांब उभ्या राहिल्या. मातेच्या घरात जायचं नसतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. आई कपाळाला ताप मोजायची बंदूक लावत घरोघर फिरायची. आधी म्हातारी माणसं बंदूक म्हटल्यावर दार लावून घेत, पण मोठीमायने स्वतःचं कपाळ पुढे केलं आणि मग सगळ्यांनी केलं.

एवढंच की फोडणी बंद झाली. आमच्या घरची तर झालीच, आणि मोठीमायच्याच घरची झाली म्हटल्यावर हळूहळू सगळ्या गल्लीतली झाली. बिनफोडणीचं वरण, भाकर, दहीभात, उकडलेल्या शेंगा, मिठाचं पाणी लावलेली हिरवी मिरची. पोट भरायचं पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. बाबा शेतात पळायचे. शेतातल्या कोठ्यात, म्हणजे बैलांच्या छपरात, त्यांनी तेलाची बाटली, मोहरी आणि एक जुना डबा लपवला होता. तीन दगडांवर डबा तापवून ते वरणाला फोडणी देत आणि मिशा धुऊन घरी येत. मोठीमाय दारातच नाक वर करायची. “लसूण टाकला तुम्ही, भाऊजी. मातेले तुमच्या शेतातलंही ऐकू येते.” बाबा साबणाने मिशा घासत, राखेने घासत, एकदा तर लिंबू चोळून आले. मोठीमाय म्हणाली, “आज लिंबू पिळून खाल्लं वाट्टे.” त्या दिवसांत आम्ही जे काही हसलो ते बाबांच्या मिशांवरच.

फोन लावला की आधी एक बाई खोकायची आणि मग सूचना सुरू व्हायच्या. खोकला म्हणजे त्या वर्षी चोरी होती. गल्लीत कोणाला ठसका लागला तर तो पदरात, उशीत, कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन खोकायचा. मोठेबाबांना तेवढी सोय नव्हती. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत त्यांनी उभा जन्म काढला होता, त्यांची छाती भात्यासारखी वाजे. ओट्यावर बसून ते खोकला दाबायचे आणि डोळे लाल व्हायचे. येणारा जाणारा पलीकडून जायचा. गावातला सगळ्यांचा लाडका माणूस असा एकाएकी टाळायची वस्तू झाला, याचं मला फार वाईट वाटायचं. मी मुद्दाम जाऊन त्यांच्याजवळ बसायची आणि ते मला हाताने लांब सरकवायचे.

नवा कापूस फुटू लागला त्या सुमारास मोठीमाय तापाने पडली. मागच्या खोलीत तिने स्वतःच स्वतःला कोंडून घेतलं. आईने दारातून बोटाला लावायचा चिमटा पुढे केला तेव्हा तिने बोट दिलं, पण म्हणाली, “चिमटा लाव. सुई नोको.” चिमट्यावरचे आकडे बरे होते. ताप उतरला, आठवडाभर ती नुसती पडून होती, मग उठून कामाला लागली. मोठेबाबांना तिने त्या दिवसांत जवळ फिरकू दिलं नाही आणि तेही बचावले. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. मला आठवतं, त्यानंतर बाबांच्या मिशा एकदाही पकडल्या गेल्या नाहीत. ते आईला गर्वाने सांगायचे की मुलतानी मातीने धुतलं की झालं. एकदा चुलीवर दूध करपलं, धूर होऊन खोलीभर वास पसरला, मी कापसावरून धावत आले, तर मोठीमाय चुलीशेजारीच शेंगा सोलत बसलेली. मला वाटलं, वय झालं.

आणि मग लस आली. आईने ती बातमी घरात अशी आणली जशी कोणी पोरगी पहिली आल्याची आणावी. मोठीमायने हातातलं सूप खाली ठेवलं. “इतकं सारं बरोबर केलं सरकारनं,” ती म्हणाली, “अन् आता घरात माता असताना सुई? कोणी सांगितलं त्यायले?” तिचा चेहरा रागाचा नव्हता. विश्वासातल्या माणसाने ऐनवेळी दगा द्यावा तसा होता. शाळेत लस द्यायचा दिवस ठरला. सिस्टर आल्या, खुर्च्या मांडल्या, बर्फाचा डबा सावलीत ठेवला. चार पाच माणसं जमल्याशिवाय कुपी उघडायची नाही, वाया जाते, असं त्या म्हणत होत्या. दुपार कलली तरी गावातून कोणी फिरकलं नाही. आई घरोघर गेली. एका घराने दाराआडून सांगितलं, “पहिले तुह्या घरचं पाह्य. दिव्याखाली अंधार अन् आमाले उजेड दाखवून राह्यली.” सिस्टर डबा उचलून निघून गेल्या. आईने घरी येऊन मास्क काढला तेव्हा तिच्या गालांवर दोरीचे वळ होते, आणि ते वळ ओले झालेले मी पाहिले.

तिला गावाची चिंता होतीच. पण मोठेबाबांची होती तशी कोणाचीच नव्हती. ही छाती आणि हा आजार समोरासमोर आले तर काय होईल हे ती रोज ऐकून होती. तेवढ्यात त्यांच्या जिनिंगमधला जोडीदार गेला. यवतमाळला नेला होता, परत आणलाच नाही, तिकडेच काय ते झालं. मोठेबाबा तो निरोप ऐकून ओट्यावरून उठले. मग आत आले, मोठीमाय भात वेळत होती तिथे भिंतीला टेकून उभे राहिले. “अवं, आइकते का,” ते म्हणाले. “मले सुई घ्या वाट्टे. तू म्हणशीन तं घेतो. नाही म्हणशीन तं नाही. यक डाव तुले न विचारता गेलतो, आता नाही जात.”

भाताचं पाणी सांडत राहिलं तरी मोठीमायचं लक्ष नव्हतं. तो ‘यक डाव’ म्हणजे काय हे मला त्या दिवशी आईने सांगितलं. गजूला गोवर आला होता, ताप चढला होता, आणि घरात माता म्हणून मोठीमायने उंबरा ओलांडायला नकार दिला. मोठेबाबांनी पोराला उचललं आणि बैलबंडीतून एकटेच मारेगावला निघाले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. परत येताना वाटेतच पोर गेलं. गोवर छातीत उतरला होता, आई म्हणाली, सुईने काही झालं नाही, सुई उशिरा झाली. पण मोठीमायच्या डोक्यात एकच बसलं की माता घरात असताना सुई चालवली. आणि मोठेबाबांच्या डोक्यात काय बसलं ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. फक्त बायकोला मारायची हाक विसरून गेले.

लसीचा दुसरा दिवस ठरला. सिस्टरनी बजावलं होतं, याही खेपेला कोणी आलं नाही तर आपल्या वाट्याची लस दुसऱ्या गावाला जाईल. आदल्या दुपारी आई मोठीमायसमोर जाऊन बसली. तिने विषाणूचा शब्द काढला नाही. “बाई, मी तुमच्या मातेले बोट लावत नाही,” ती म्हणाली. “पण मोठ्या भाऊजीची छाती तुमाले ऐकू येते का नाही?”

“मले सारं ऐकू येते,” मोठीमाय एकदम बोलली. “ऐकूच येते. वास तेवढा...” आणि थांबली. आईचं लक्ष गेलं की नाही कोण जाणे, ती डोळे पुसत उठून गेली होती.

दिवेलागणीला मोठीमाय रोज दाराच्या डहाळ्याजवळ ऊद जाळायची. निखाऱ्यावर खडा टाकला की पांढरा धूर उठायचा आणि सगळ्या घरभर तो जड, गोड वास फिरायचा. त्या संध्याकाळी तिने मला हाक मारली. मी कापसावरून उतरून आले, अंगाला चिकटलेला कापूस झटकत.

“आचल, ऊद जळून राह्यला का?”

“हो. केवढा धूर झाला ना.”

“धूर दिसते मले. वास येते का?”

“येते. तुले नाही येत?”

ती उंबऱ्यावर बसली आणि मला जवळ ओढलं. “कापूस फुटला तवाच्यान नाही येत वं,” ती म्हणाली. “ना ऊदाचा, ना निंबाचा, ना तुह्या मोठेबाबाच्या बिडीचा. तुह्या बापाच्या मिशीचाही नाही. मले वाटे, माता रागावली माह्यावर. कोणाले सांगू? गावात नाक म्हणून तं वळखतात मले.” तिने निखाऱ्यावर आणखी एक खडा टाकला आणि धुरात तोंड घातलं, अगदी मुलीसारखं. डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने मान हलवली. गल्लीत एका घरात दिवा लागला, दुसऱ्या घरात लागला. मला वाटलं ती झोपली. पण ती हळू आवाजात, माझ्याशी नव्हे, दाराशी बोलल्यासारखी म्हणाली, “घरची बाई सासरी जायले निघाली तं रिकाम्या हातानं जाते का? पदरात वटी घेऊन जाते. ते गेली असन, आचल. तवाच गेली असन. माह्या नाकानं तिनं वटी भरून घेतली, अन् म्या वेडीनं दार धरून ठेवलं.”

“मग ते गेली असन,” मी विचारलं, “तं घरात सुई चालते का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आजवर विसरले नाही. तिचा त्या बोलण्यावर खरोखर विश्वास होता, की नवऱ्याला वाचवायला तिने स्वतःच्याच नियमांतून एक दार शोधून काढलं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता तिच्या वयाची झाले तरी कळत नाही. दोन्ही खरं असेल. “बोळवण कराव लागीन पहिले,” ती म्हणाली. “अशी न सांगता गेलेली चालत नाही.”

सकाळी ती नाहून तयार होती. सुपात दहीभात, हळद, कुंकू, दारावरचा तो वाळून कडकडीत झालेला डहाळा. एरवी बोळवणीला गावच्या बायका गात जातात. त्या दिवशी मी, ती आणि लांबून येणारी आई, तोंडाला फडकं बांधलेली. दारादारांतून डोळे आमच्यामागे येत होते, पण पावलं कोणाची आली नाहीत. शिवेवरच्या मोहाखाली तिने सूप ठेवलं, डहाळा ठेवला, मातेला काय सांगायचं ते पुटपुटत सांगितलं. झाडाखाली मोहफुलांचा सडा पडलेला होता, पाय ठेवीन तिथे वास उठत होता. तिला त्यातलं काही येत नसेल, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं. मागे वळून बघायचं नसतं म्हणून मी तशीच रडत तिच्यामागे चालत आले.

घरी येऊन तिने खुंटीवरची लोखंडी कढई काढली, राखेने घासली आणि अंगणातली चूल पेटवली. तेल ओतलं. आई दारात उभी होती, मोठेबाबा ओट्यावरून उठून उभे राहिले होते. मोहरी तडतडली. मला वाटलं अंगणात पाऊस सुरू झाला. जिरं पडलं, लसूण पडला, आणि मग तिने मूठभर लाल मिरच्या टाकल्या. अशा मुठीने कोणी टाकत नाही. अंदाज घ्यायला तिच्याकडे नाक कुठे होतं! धूर उठला आणि भिंतीवरून गल्लीत गेला. आधी मोठेबाबा खोकले. मग मी, आई, मग पलीकडचं घर, मग त्याच्या पलीकडचं. वर्षभर उशीत आणि पदरात कोंडलेले ठसके एकदम मोकळे सुटले. सगळी गल्ली खोकत होती, आणि कोणी कोणाला बघून दार लावत नव्हतं, उलट लावलेली दारं उघडत होती. बाबा गोठ्यातून धावत आले, “म्या नाही, म्या नाही, आज म्या काहीच नाही केलं!” आणि त्या खोकल्यातच सगळे हसायला लागले. मोठीमायच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मिरचीनेही असेल.

“काय वं,” समोरच्या घरातून बाई ओरडली, “माता गेली का?”

“गेली,” मोठीमाय उलथनं हातात घेऊन उभी राहिली. “शिवेपार करून आलो. आता घरात सुई चालते. शाळेत चाला.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “आला का वास?”

“आला, मोठीमाय.”

शाळेच्या व्हरांड्यात सिस्टर खुर्ची मांडून बसल्या होत्या. आमच्या मागून गल्लीतली माणसं येत होती, पण ती मैदानात कडुनिंबाखालीच थांबली. आधी काय होतं ते बघायचं होतं त्यांना. मोठेबाबांनी बाही वर केली आणि खुर्चीकडे गेले. मोठीमायने त्यांना हाताने अडवलं आणि स्वतः बसली. “पहिले मले टोच बाई,” ती सिस्टरला म्हणाली. मातेचा काही राग उरला असेल तर तो आधी आपल्यावर यावा, हे तिने कोणाला सांगितलं नाही, पण आम्हा सगळ्यांना समजलं. मोठेबाबांना तर समजलंच. ते वाकले, त्यांची छाती वाजत होती, आणि इतक्या वर्षांत मी न ऐकलेला शब्द त्यांच्या तोंडातून आला.

“गजूची माय,” ते म्हणाले, “मले बसू दे. उठ. म्याच नेलतं त्याले.”

मोठीमाय उठली नाही. तिने दंड पुढे केला, तोंड वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “तवा तुमी एकटे गेलते,” ती म्हणाली. “मी घरी राह्यली. आता मी आहो ना संगं.”

सिस्टरनी सुई टोचली. मोठीमायने डोळे मिटले नाहीत. मग खुर्ची मोठेबाबांना दिली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. कडुनिंबाखालची माणसं हळूहळू व्हरांड्याकडे सरकू लागली. आई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. दुसऱ्या दिवशी दोघांनाही ताप आला आणि गावाने श्वास रोखून धरला. दोघं शेजारी शेजारी गोधड्या घेऊन पडली होती, आणि मोठेबाबा मधूनमधून ‘गजूची माय, पाणी देऊ का’ म्हणून विचारत होते, जणू मधल्या वर्षांच्या सगळ्या हाका त्यांना एका दिवसात मारून घ्यायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

मोठीमायचं नाक परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले येतं, कोणाकोणाचं येत नाही. तिने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही, दिलेली वटी कोणी परत मागत नसतं म्हणायची. फक्त रोज फोडणी दिली की ती कढईवरून मान वर करून विचारायची, “आला का वास?” आणि ओट्यावरून मोठेबाबा उत्तर द्यायचे, “आला, गजूची माय.” सकाळ संध्याकाळ, कितीतरी वर्षं. ते गेले ते म्हातारपणाने, स्वतःच्या खाटेवर, तिच्या मांडीवर. त्यानंतर मी माहेरी गेले होते, तेव्हा मोठीमाय चुलीशी बसली होती. मोहरी तडतडली, मिरची पडली, चर्रर्र आवाज झाला. तिने सवयीने मान वर केली आणि ओट्याकडे बघून विचारलं, “आला का वास?” ओटा रिकामा होता. ती तशीच बघत राहिली, उलथनं हातात धरून.

मी दारातून म्हटलं, “आला, गजूची माय.”